डेअरीच्या वळणावर श्वास थांबतो

"बाबा, या गाडीत कोण मेलं होतं?"

हा प्रश्न माझा नाही. टिंड्रा आणि यूनी या माझ्या मैत्रिणींनी तो मला पैजेवर विचारायला लावला, पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये. विचारला नसता तर महिनाभर यूनीची शाळेत फुकट ने-आण मी करायची होती. आणि मी हिलेवी. मी पैज हरत नाही. म्हणून त्याच संध्याकाळी, ताटात बटाटे आणि सॉसेज पडल्या पडल्या, विचारून टाकला.

बाबाचा काटा हवेत थांबला.

आईनं खिडकीबाहेर बघितलं.

मग बाबा म्हणाला, "कोणी नाही. जेव."

पुढचं सगळं घडलेलं आहे. नावंही खरी ठेवली आहेत, आणि का ठेवली ते शेवटी कळेल. भुताखेतांच्या या पेजवर दोन वर्षं मी दुसऱ्यांचे अनुभव वाचले आणि निम्म्यांना खदाखदा हसले. आता माझ्यावर कोणाला हसायचं असेल तर खुशाल हसा. फक्त कधी आमच्या गावाला, हेडबिनला आलात, तर माझ्या गाडीच्या उजव्या सीटवर, म्हणजे ड्रायव्हरच्या शेजारी, बसू नका.

आणि हो, माझ्या गोष्टीत काळोखी रात्र वगैरे नाही. हे झालं गुड फ्रायडेला, भर दुपारी. अंगणातल्या बर्फावर इतकं ऊन होतं की डोळे उघडवत नव्हते.

काल.

कालच झालं हे.

आधी गाडीबद्दल. माझी एपा आहे, म्हणजे जुना अमेरिकन पिकअप ट्रक, ट्रॅक्टर म्हणून नोंदवलेला. पंधराव्या वर्षी चालवता येतो, मागे लाल त्रिकोण लावायचा आणि ताशी तीसच्या वर जायचं नाही. मागे वीस गाड्यांची रांग लागते, लोक शिव्या घालतात, आपण हात हलवायचा. आमच्याकडे शेवटची बस साडेचारला सुटते. त्यामुळे एपा नसेल तर शाळेनंतरचं आयुष्यच नसतं. माझी गाडी मी आणि बाबानं मिळून उभी केली. रंग मी दिला, वायरिंग त्यानं केलं. पाना कसा धरायचा, बोल्ट हातानं आधी किती फिरवायचा, हे मला बाबानं सातव्या वर्षापासून शिकवलंय. शाळेत मी वाहनांचा कोर्स घेतला तोही त्याच्यामुळेच. वर्गात सोळा मुलगे आणि मी, आणि वर्गात पहिलीही मीच.

नोव्हेंबरमध्ये माझं इंजिन बसलं. कायमचं. दोन दिवस रडले. तिसऱ्या दिवशी बाबा ट्रेलरवर हिरव्या ताडपत्रीखाली दुसरं इंजिन घेऊन आला. आठ सिलिंडरचं, जुनं, पण दणदणीत.

"कुठून आणलंस?"

"एका लाकूडवाल्याकडून."

"त्यानं एवढं चांगलं इंजिन दिलं कसं?"

"हिलेवी, हवंय का नकोय?"

हवं होतं. अर्थातच हवं होतं. इंजिन बसवताना बाबानं एकच अट घातली.

"वरचं काही उघडायचं नाही. मॅनिफोल्डला हात लावायचा नाही."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनच्या डोक्यावर बसलेला लोखंडी नळ्यांचा जडशीळ तुकडा. कार्बोरेटरमधली हवा तो आठही सिलिंडरांना वाटून देतो. त्याच्या आणि इंजिनच्या मध्ये दोन्ही बाजूंना पॅकिंग असते. ती कुजली की इंजिन भलतीकडून हवा खेचतं. मला कळेना, गिअरबॉक्स उघडू देणारा माणूस यालाच का नाही म्हणतोय. पण बाबा म्हणाला म्हणजे काहीतरी कारण असणार. तेव्हा मी अशी होते.

पहिल्या आठवड्यापासून आवाज यायचा.

गाडी उभी असली, इंजिन नुसतं चालू असलं, की बोनेटखालून...

सूंऽऽऽ

दात आवळून कोणी श्वास आत घ्यावा तसा. "हा, पॅकिंग गेलेली दिसतेय," एवढंच मनात यायचं. मी मेकॅनिक आहे, भुतांवर माझा विश्वास नव्हता.

मग डेअरीचं वळण.

आमच्या फाटकातून बाहेर पडलं की लगेच उतार लागतो, आणि उताराच्या तळाशी बंद पडलेल्या डेअरीपाशी रस्ता काटकोनात वळतो. तिथेच, मी जन्मण्याच्या कितीतरी आधी, माझी आत्या गेली. मारित आत्या. सतरा वर्षांची होती, एपा चालवत होती. त्या काळी वेग अडवायला मॅनिफोल्डखाली दोन्ही बाजूंना बारीक भोकांच्या लोखंडी पट्ट्या घालत. इंजिनचा श्वासच कोंडला की गाडी तीसच्या पुढे जाणार कशी? आता त्याला इलेक्ट्रॉनिक डबी असते. तर मारित आत्यानं म्हणे त्या पट्ट्या स्वतःच काढून टाकल्या, सुसाट सुटली आणि बर्चच्या झाडावर गेली. हे गावात सगळ्यांना माहीत आहे. ज्या दिवशी मला किल्ली मिळाली त्या दिवशी पाच वेगवेगळ्या मोठ्या माणसांनी मला सांगितलं, "मारितसारखं करू नकोस हं."

आजोबांच्या भिंतीवर एक फिकट चौकोन आहे. तिथे तिचा फोटो होता. तिच्या अंत्यविधीच्या दिवशी त्यांनी तो काढला, परत लावला नाही. आजी गेली तीही मुलीवर रागावलेलीच गेली.

तर त्या वळणावर...

आवाज थांबायचा.

सूंऽऽ चालू, चालू, चालू, आणि वळण आलं की एकदम गप्प. कोणीतरी श्वास रोखून धरल्यासारखं. आणि इंजिन बंद. दर वेळी, त्याच जागी. मी गाडी कडेला घ्यायची, मनात आकडे मोजायची. अकरा, बारा झाले की हळूच...

हंऽऽऽ

श्वास सुटायचा. मग किल्ली फिरवली की इंजिन पहिल्या झटक्यात सुरू.

एकदा टिंड्रा सोबत होती. वळणावर गाडी बंद पडली तशी ती दार उघडून बाहेर बर्फात उडी मारून उभी राहिली. जाकीटही आतच.

"काय झालं गं?"

"तुझ्या सीटवर माझ्याआधीच कोणीतरी बसलंय."

"येडी आहेस का?"

"हिलेवी, मी कोणाच्या तरी मांडीवर बसले होते."

ती तीन किलोमीटर चालत घरी गेली. टिंड्रा! जी केस ओले असले तर कचरा टाकायला बाहेर जात नाही! त्यातूनच ती पैज लागली.

आणि माझ्या प्रश्नाच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी बाबानं जाहीर केलं, "गाडी विकतोय. ईस्टरच्या शनिवारी माणूस बघायला येतोय."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय ते.

"माझी गाडी?"

"वळणावर बंद पडते. धोक्याची आहे."

"मग दुरुस्त करू ना! आपण दोघं—"

"नाही."

"कॉनी," आई बाबाला म्हणाली, "शनिवारपर्यंत तिनं दुरुस्त केली तर ठेव म्हण ना. तिनं तिच्या उन्हाळी कामाचे सगळे पैसे घातलेत त्यात."

बाबानं जाकीट चढवलं. "शनिवारपर्यंत होणार नाही," असं दाराला सांगितलं आणि कामावर गेला.

होणार नाही! मला म्हणतो होणार नाही!

शाळेतल्या वर्कशॉपच्या बाईंना, बिर्गितला, मी आवाज काढून दाखवला. ती हसली. "मॅनिफोल्डची पॅकिंग. नवा संच मागवते. पाच तासांचं काम आहे, तू चारात करशील." बोल्ट नेमक्या जोरानं आवळायचा टॉर्कचा पानाही तिनंच उसना दिला.

गुड फ्रायडेला आई आजारी म्हाताऱ्यांच्या घरी ड्यूटीवर गेली. बाबा पहाटेच ड्रिल आणि थर्मास घेऊन तळ्यावर, बर्फाला भोक पाडून मासे धरायला. मी गॅरेजचं मोठं दार सताड उघडलं. ऊन थेट बोनेटवर आलं. रेडिओ लावला, केस बांधले आणि कामाला लागले. खरं सांगते, मला मजा येत होती.

आधी गळती नेमकी कुठे आहे ते शोधायचं. रबरी नळीचं एक टोक कानात धरायचं, दुसरं चालू इंजिनच्या जोडावरून फिरवायचं. जिथे हवा आत खेचली जाते तिथे नळीत सूं ऐकू येतं. डाव्या बाजूला काही नाही. उजव्या बाजूला पुढून फिरवत आणलं आणि मागच्या कोपऱ्यात सापडलं.

सूंऽऽऽ

"सापडलीस!" मी मोठ्यानं म्हटलं.

आणि मग...

हंऽऽऽ

माझ्या कानात. गरम.

एक गोष्ट समजून घ्या. मॅनिफोल्डच्या गळतीतून इंजिन हवा फक्त आत ओढतं. बाहेर सोडत नाही. सोडूच शकत नाही. पहिल्या वर्षात शिकवतात हे.

मी इंजिन बंद केलं. रेडिओचा आवाज वाढवला. स्वतःलाच सांगितलं, हिलेवी, तू सकाळपासून काही खाल्लेलं नाहीस.

इंजिनमधलं पाणी काढलं, कार्बोरेटर उतरवला, मॅनिफोल्डचे बाराही बोल्ट खोलले आणि कॉफीच्या रिकाम्या डब्यात टाकले. खरं तर बाबानं शिकवलंय की बोल्ट कधी डब्यात टाकायचे नाहीत. पुठ्ठ्याला भोकं पाडायची, मॅनिफोल्डचा नकाशा असतो तशी, आणि ज्या जागचा बोल्ट त्या जागी खोचून ठेवायचा. मागे मी विचारलं होतं, "हे तुला कोणी शिकवलं?" तेव्हा तो म्हणाला होता, "होतं कोणीतरी." पण काल मी घाईत होते. डब्यात टाकले आणि घरात जाऊन दालचिनीचे दोन बन खाल्ले. दहा मिनिटं. फार तर बारा.

परत आले तर रेडिओ बंद होता.

डबा रिकामा होता.

आणि नव्या पॅकिंगच्या खोक्याचं झाकण फेंडरवर, म्हणजे चाकावरच्या पत्र्यावर, ठेवलेलं होतं. त्यात बारा भोकं. बारा भोकांत...

बारा बोल्ट. उभे. आपापल्या जागी.

मी ओरडले, "बाबा?"

कोणी नाही.

"बाबा, फालतूपणा करू नकोस हं!"

सकाळी आई-बाबा गेल्यावर वीतभर नवा बर्फ पडला होता. अंगणात फक्त माझ्या बुटांचे ठसे. गॅरेजपासून घरापर्यंत, घरापासून गॅरेजपर्यंत. बाकी सगळा बर्फ कोरा.

मी पळून का गेले नाही? कारण शनिवार! शनिवारी माणूस येणार होता. शिवाय, कसं सांगू... ते बोल्ट इतके नीट लावलेले होते. मला घाबरवायचं असतं तर कोणी इतकं नीट लावलं असतं का?

मी पहारीनं मॅनिफोल्ड उचकटला आणि पोटाशी धरून बाजूला ठेवला. वीसेक किलो असेल. मग वाकून आत बघितलं.

आत पॅकिंग नव्हतीच. म्हणजे विकतची नव्हती. कोणीतरी निळ्या पुठ्ठ्याची कात्रीनं कापून बनवलेली होती. शाळेच्या फायलीचा असतो ना, तसला पुठ्ठा. भोकं वाकडीतिकडी, दोन्हीकडे काळा गोंद फासलेला. डावी बाजू चिकटून बसली होती, पण उजवीकडचा मागचा कोपरा कुरतडल्यासारखा. मी पातं घालून खरवडायला सुरुवात केली. एका जागी गोंद पोचलेलाच नव्हता, तिथला तुकडा अख्खा निघून हातात आला.

उलटा केला.

बॉलपेननं लिहिलेलं होतं. तिरपं अक्षर, शेपटी लांब काढलेली. ते अक्षर मला पाठ आहे. माझ्या प्रत्येक वाढदिवसाच्या कार्डावर तेच असतं.

"कॉनी. ९ ब."

मी खाली बसले. थंड फरशीवर.

बाबा नववीत होता त्या मार्चमध्ये मारित आत्या गेली. हे मला माहीत आहे, कारण तिच्यामुळे त्याची नववीची परीक्षा राहिली होती. म्हणजे लाकूडवाला वगैरे कोणी नव्हताच. हे इंजिन तिचं होतं. आणि त्या पट्ट्या काढून, त्यांच्या जागी स्वतःच्या फायलीचा पुठ्ठा बसवणारा...

मला पाना धरायला शिकवणारा माझा बाबा.

मी रडले का? नाही. आधी मला लाज वाटली, मूर्ख असल्यासारखी. पाच महिने मी त्या वळणावरून जात होते, गाडी बंद पडली की मनात आकडे मोजत होते, आणि घरी येऊन त्यालाच सांगत होते, "बाबा, आज पण बंद पडली बघ." आणि तो म्हणायचा, "पेट्रोलमध्ये पाणी असेल."

पेट्रोलमध्ये पाणी!

मग मी उठले. पृष्ठभाग आरशासारखा घासला, नवी पॅकिंग बसवली, मॅनिफोल्ड वर ठेवला. बोल्ट मधून सुरू करून बाहेर जात आवळायचे, एकदम नाही, तीन फेऱ्यांत. डोक्यात तेच अक्षर फिरत होतं, दुसऱ्या फेरीत क्रम विसरले. कोणता झाला, कोणता राहिला?

टक्... टक्.

उजवीकडचा मागून दुसरा बोल्ट. नखानं लोखंडावर वाजवावं तसं.

मी तो आवळला. तोच राहिला होता.

टक्... टक्. पुढचा.

असे बाराही.

शेवटचा आवळत होते तेव्हा बाबाची गाडी अंगणात आली. हातात पिशवी, पिशवीत तीन मासे. उघडं बोनेट बघून तो दारातच थांबला.

"तुला सांगितलं होतं मी."

"हो. सांगितलं होतंस."

"हात लावायचा नाही म्हणून—"

मी तो निळा तुकडा त्याच्यासमोर धरला. अक्षर त्याच्याकडे करून.

पिशवी खाली पडली. एक मासा अजून जिवंत होता, तो फरशीवर तडफडायला लागला, आणि आम्ही दोघं बाकी कशाकडे बघायला नको म्हणून त्याच्याकडेच बघत राहिलो.

"कुठे मिळाला?"

"जिथे तू ठेवलास तिथे."

बाबा टायरच्या ढिगावर बसला. टोपी काढून हातात फिरवायला लागला.

"मला शनिवारी तिची गाडी हवी होती," तो म्हणाला. "गावातल्या किऑस्कच्या टपरीवर सगळी मुलं यायची. एकदा, फक्त एकदा, तीसच्या वर जाऊन दाखवायचं होतं. शुक्रवारी रात्री ती झोपल्यावर पट्ट्या काढल्या. नवी पॅकिंग घ्यायला पैसे नव्हते."

"तिला सांगितलं नाहीस?"

"सकाळी सांगणार होतो."

"मग?"

"तिची डेअरीत सहाची पाळी होती. मी झोपून राहिलो."

पट्ट्या असलेली एपा कशी चालवतात ते आमच्याकडे शेंबडं पोरही सांगेल. अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय थेट गाडीच्या तळाला टेकवून. सबंध वेळ. कारण गाडी तीसच्या पुढे जातच नाही, मग हळू कशाला दाबायचं? मारित आत्या त्या सकाळी रोजच्यासारखी निघाली. फाटकातून बाहेर, उतारावर, पाय तळाला. रोज जसा टेकवायची तसाच.

रस्त्यावर बर्फ, खाली वळण, आणि आठ सिलिंडरांना पहिल्यांदाच पोटभर श्वास मिळालेला.

तिनं काहीच मोडलं नव्हतं. एकही नियम.

"पोलीस म्हणाले पट्ट्या नाहीत," बाबा म्हणाला. "आजोबा म्हणाले, तिनंच काढल्या असणार, घरात इंजिनमधलं तिलाच कळतं. आणि मी... मी गप्प बसलो. मग एक दिवस गेला. मग आठवडा. मग..."

"मग तीस वर्षं."

"हो."

"आणि हे इंजिन माझ्या गाडीत का घातलंस? मला का दिलंस?"

"मी नाही दिलं. आजोबांनी काढून दिलं. म्हणाले, माझ्या मुलीचं इंजिन माझ्या नातीला दे, निदान ती तरी नीट चालवेल." त्यानं तोंड पुसलं. "नको म्हणालो असतो तर का ते सांगावं लागलं असतं."

बघा. म्हणून मला दिलं. त्याला सांगावं लागू नये म्हणून मी पाच महिने त्या उतारावरून जात होते. आणि मी प्रश्न विचारला तेव्हा गाडीच विकायला काढली. माझी गाडी. म्हणजे मग हे इंजिन आणि आत्या दोघंही दुसऱ्याच कोणाच्या तरी दारात.

आई ड्यूटीवरून आली ती याच वेळी. तिला मी फक्त तुकडा दाखवला.

"तुला माहीत होतं?"

"इंजिन मारितचं आहे हे माहीत होतं," आई म्हणाली. मग ते अक्षर वाचून भिंतीला टेकली. "हे नाही. कॉनी... हे नाही."

"पट्ट्यांचं काय केलंस?" मी विचारलं.

"ती गेली ना, तेव्हा तळ्यात टाकल्या. त्याच संध्याकाळी. बर्फातल्या भोकातून."

ज्या तळ्यावर तो दर ईस्टरला मासे धरायला जातो, त्याच तळ्यात. मी वळले. गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

इंजिन सुरू झालं. काय गोड चाललं होतं! मांजर गुरगुरावं तसं. मी जोडांवर स्प्रे मारून बघितला, आवाजात जराही फरक नाही. नळी फिरवली, कुठेच सूं नाही. काम पक्कं झालं होतं. बिर्गितनं बघितलं असतं तर पाठ थोपटली असती.

मी इंजिन बंद केलं.

सगळं शांत. छपरावरून थेंब पडत होते तेवढेच.

आणि मग...

सूंऽऽऽ

बंद इंजिन. किल्ली माझ्या हातात. आवाज बोनेटखालून नव्हता.

उजव्या सीटवरून होता.

हंऽऽऽ

मी मान वळवली नाही. बाबाकडे बघत राहिले. तो गाडीच्या पुढे, काचेसमोर उभा होता, आणि तो माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या शेजारी बघत होता. त्याचे ओठ हलले. आवाज आला नाही, पण नाव मला कळलं.

तो तसाच मागे मागे सरकत गॅरेजबाहेर गेला.

रात्री कोणी जेवलं नाही. आईनं ईस्टरसाठी रंगवलेली अंडी टेबलावर तशीच राहिली. मी झोपले, आश्चर्य म्हणजे गाढ झोपले.

आज सकाळी साडेसातला, ऊन वर आल्यावर, गॅरेज उघडलं. कुलूप मीच लावलं होतं, किल्ली माझ्या उशीखाली होती.

गाडीचं उजवं दार किंचित उघडं होतं.

सीटवर पाण्याचं मोठं थारोळं. त्यात थोडं शेवाळ.

आणि शेवाळात...

दोन लोखंडी पट्ट्या. शेजारी शेजारी, नीट, सरळ. चार चार बारीक भोकं. गंजलेल्या, आणि इतक्या गार की बोटाला चिकटल्या.

मी त्या फडक्यात गुंडाळून स्वयंपाकघरात आणल्या आणि अंड्यांच्या शेजारी ठेवल्या. आईनं खुर्ची मागे ढकलली. बाबानं हात पुढे केला, पण लावला नाही.

"तू..." तो मला म्हणाला, "तू कुठून..."

"तळ्यावर जवळजवळ मीटरभर जाड बर्फ आहे, बाबा. मी नाही."

हे मी शनिवारी दुपारी लिहिते आहे, आणि नावं खरी ठेवली कारण तीस वर्षं मारित आत्याच्या नावावर खोटंच चाललं होतं. गॅरेज इथून दिसतं. दार मी बंद केलंय, तरी मधूनमधून कान तिकडे जातो. ती रागावलेली आहे की नाही, अजून कळत नाही मला. पट्ट्या माझ्यासाठी आणून ठेवल्या की त्याच्यासाठी, तेही कळत नाही. बाबाचा चेहरा बघवत नाही, आणि न बघताही राहवत नाही. मला तो पूर्वीसारखा परत हवा आहे, आणि तसा तो कधी नव्हताच.

पण सकाळी, त्या टेबलापाशी, मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. मी उभी राहिले. आवाज जराही थरथरला नाही, शप्पथ.

"मी ठरवलंय," मी म्हटलं. "आई, बाबा, दोघांनी ऐका. त्या माणसाला फोन करून येऊ नको म्हणून सांगा, गाडी विकायची नाही. मंगळवारी पॅकिंगचा दुसरा संच आणते. सगळं परत उघडते, आणि या पट्ट्या जिथल्या तिथे बसवते. गरज नाही, माहीत आहे. तरी बसवणार. मग मी गाडी घेऊन आजोबांकडे जाणार, डेअरीच्या वळणावरून, पाय तळाला टेकवून. आणि तिथे, त्या फिकट चौकोनासमोर, बाबा, तू सांगायचंस. मी नाही सांगणार. तू."

बाबानं एका पट्टीवर बोट टेकवलं. मग हळूच म्हणाला, "मी तुझ्या शेजारी बसून येतो."

"नाही," मी म्हटलं. "तू तुझ्या गाडीनं माझ्या मागून ये. सबंध रस्ता, तीसनं. शेजारची सीट रिकामी नाही."